उ. केदारनाथ हेलिकॉप्टरचं बुकिंग
तुमच्या भावाने गूगलवर सापडलेल्या नंबरवर केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे पैसे भरले हे वाचून पोटात कालवलं. माझ्या मावशीचंही असंच झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर लोगोसकट तिकीट आलं, पण सिरसीच्या हेलिपॅडवर यादीत नावच नाही. सत्तरीची बाई, हातात प्रिंटआउट घेऊन तशीच उभी.

ही तिकिटं फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवर मिळतात, तीही आधी चारधाम यात्रेची नोंदणी असेल तरच.

भावाला आत्ताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायला सांगा, उद्यावर ढकलू नका. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तर रक्कम गोठवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. आणि रिफंडच्या नावाखाली क्यूआर कोड आला तर अजिबात स्कॅन करू नका, मावशीचे दुसऱ्यांदा पैसे त्यातच गेले.