मदत हवी आहे: ॲक्सममध्ये मागे चालणारं टास्क आणि हँडलर, दोघांना एकच भावपत्रक कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

नागपूरहून लिहितोय. कळमना बाजारातले संत्र्याचे भाव शेतकऱ्यांना मोबाईलवर दिसावेत म्हणून रस्ट भाषेत, ॲक्सम या वेब फ्रेमवर्कवर छोटी सर्व्हिस बांधतो आहे. लिलावाचे आकडे डेटाबेसमध्ये पडत राहतात. मागे चालणारं एक टोकियो टास्क (टोकियो म्हणजे रस्टचं असिंक रनटाइम) ते उचलून मेमरीतल्या हॅशमॅपमध्ये भरतं आणि हँडलर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारी फंक्शन्स, तिथूनच उत्तर देतात.

सध्या आर्कमध्ये (अनेकांनी वाटून घ्यायचा पॉइंटर) आरडब्ल्यूलॉक (एका वेळी अनेक वाचणारे किंवा एकच लिहिणारा) आणि त्यात हॅशमॅप आहे. एक क्लोन टास्ककडे, दुसरा स्टेट म्हणून राउटरकडे. (एक्स्टेन्शन, म्हणजे ॲक्सममध्ये हँडलरला डेटा द्यायची दुसरी पद्धत, मुद्दाम टाळलं. ते जोडायचं राहिलं तर चालू सर्व्हिसमध्ये 500 येतो, स्टेट मात्र कम्पाइललाच अडवतं.) अडचण अशी की टास्क एकेक भाव लिहीत असताना रिक्वेस्ट आली, तर मोठ्या फळाचा भाव आत्ताचा आणि लहान फळाचा मागच्या फेरीचा जातो. काटोलचा शेतकरी त्या आकड्यांवर गाडी भरायची की थांबायचं ते ठरवणार. त्याच्यापुढे असं अर्धवट पत्रक जायलाच नको.

पूर्ण फेरीभर राइट लॉक धरावा, तर मध्ये डेटाबेसचं अवेट (उत्तराची वाट पाहणं) आहे. स्टँडर्ड लायब्ररीचा गार्ड (लॉक धरून ठेवणारी व्हॅल्यू) सेंड ट्रेटचा नाही, म्हणजे दुसऱ्या थ्रेडवर नेता येत नाही, म्हणून टोकियोचं स्पॉन ते फ्युचर घेत नाही. टोकियोचा आरडब्ल्यूलॉक कम्पाइल होतो, पण डेटाबेस रेंगाळला की सगळे हँडलर खोळंबतात.

म्हणून नवा हॅशमॅप बाजूला पूर्ण भरून एकदम बदलावा म्हणतो. त्यासाठी आरडब्ल्यूलॉकमध्ये आर्क ठेवू की टोकियोचा वॉच चॅनल (फक्त शेवटची व्हॅल्यू ठेवणारा) घेऊ? प्रोसेस एकच आहे, त्यामुळे रेडिस (वेगळा चालणारा मेमरीतला डेटाबेस) सुचवू नका.

प्रतिसाद:

वॉच घ्या, पण त्यात हॅशमॅप आर्कमध्ये गुंडाळूनच ठेवा. हँडलरमध्ये रिसीव्हरवर बॉरो (व्हॅल्यू वाचायची मेथड) केल्या केल्या आर्क क्लोन करा आणि बॉरो सोडा. बॉरो आतून रीड लॉकच धरतो, तो धरून ठेवला तर टास्कचं सेंड (नवी व्हॅल्यू पाठवणं) अडेल. रिसीव्हर क्लोन होतो, त्यामुळे स्टेटमध्ये सरळ बसेल.

एकही रिसीव्हर जिवंत नसेल तर सेंड एरर देतं आणि नवी व्हॅल्यू ठेवतही नाही. टेस्टमध्ये राउटरशिवाय टास्क चालवणार असाल तर रिसीव्हर नसतानाही व्हॅल्यू ठेवणारं सेंड_रिप्लेस वापरा. फंक्शन हँडलर ट्रेटमध्ये बसत नाही अशी अगम्य एरर आली, तर त्या फंक्शनवर ॲक्समचा डीबग_हँडलर मॅक्रो लावा.

आणि फेरीची वेळही भावांसोबत त्याच स्ट्रक्टमध्ये ठेवा. पत्रक किती वाजताचं आहे, हे शेतकऱ्यालाही दिसायला हवं.