लेडीज घड्याळाच्या यंत्रातले शब्द : किल्ली, कमान, केसकमान

प्रश्न : हाताने किल्ली द्यावी लागणाऱ्या एका जुन्या, लहानशा लेडीज मनगटी घड्याळाच्या यंत्राचे मराठीत वर्णन लिहीत आहे. यंत्रात दोन स्प्रिंगा आहेत आणि दोन्हींना 'स्प्रिंग' म्हटले की वाक्य कोणत्या स्प्रिंगेविषयी आहे ते कळत नाही. 'कमान' आणि 'केसकमान' हे शब्द चालतील का? डोलणाऱ्या चाकाला 'लंबक' म्हणावे का? चाकांना अडवत-सोडत जाणाऱ्या 'एस्केपमेंट'ला प्रतिशब्द द्यावा का? आणि किल्लीच नसलेल्या घड्याळाला 'किल्ली देणे' योग्य ठरते का?

उत्तर : 'किल्ली देणे' निःशंकपणे वापरावे. खिशातल्या जुन्या घड्याळांना खरोखरच सुटी किल्ली लागत असे. पुढे तिचे काम कडेच्या बटणाकडे आले, पण क्रियापद टिकले आणि ते आजही कोणाला अडखळवत नाही.

दोन स्प्रिंगांना मात्र दोन नावे हवीतच, कारण त्यांची कामे अगदी वेगळी आहेत. पहिली 'मुख्य कमान'. ही लांब, चपटी पट्टी एका गोल डबीत बसवलेली असते. तिचे एक टोक डबीच्या भिंतीला आणि दुसरे मधल्या आसाला अडकवलेले असते. किल्ली देताना आस फिरतो आणि पट्टी भिंतीपासून सुटून आसाभोवती घट्ट गुंडाळली जाते. घड्याळ चालू असताना ती हळूहळू उलगडते आणि डबीला फिरवते. किल्ली देताना जो करकर आवाज येतो तो कमानीचा नसून, आसावरच्या दातेरी चाकावर टपटप पडत जाणाऱ्या खिटीचा असतो. ही खिटी नसेल तर बोटे सोडताच सगळी कमान एका झटक्यात उलगडून जाईल. 'खिटी' हा शब्द इथे इतका चपखल आहे की त्याऐवजी 'क्लिक' लिहिण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी 'केसकमान'. हिंदीत तिला 'बालकमानी' म्हणतात. मराठीत तो शब्द जसाच्या तसा घेतल्यास वाचक 'बाल' म्हणजे लहान मूल असा अर्थ लावील, म्हणून 'केसकमान' अधिक स्वच्छ. ही केसासारखी बारीक सर्पिल तार घड्याळाला शक्ती पुरवत नाही. डोलणाऱ्या चाकाला प्रत्येक वेळी मधल्या स्थितीकडे परत ओढणे, एवढेच तिचे काम, आणि वेळेची अचूकता नेमकी त्याच्यावर उभी असते.

त्या चाकाला 'लंबक' म्हणू नये, असा माझा आग्रह आहे. लंबकाला गुरुत्वाकर्षण परत आणते, त्यामुळे तो एका जागी स्थिर असलेल्या घड्याळातच चालतो. मनगटावरचे घड्याळ हात हलेल तसे उलटेसुलटे होत असते. तिथे गुरुत्वाकर्षणाची जागा केसकमानीने घेतली, म्हणूनच असे घड्याळ शक्य झाले. 'तोलचक्र' किंवा सरळ 'बॅलन्स व्हील' लिहावे.

'एस्केपमेंट' तसाच ठेवावा. 'मोचन', 'सुटका' असे शब्द त्या रचनेचे अर्धेच काम सांगतात. ही रचना शेवटच्या दातेरी चाकाला अडवते, एक दात पुढे सोडते आणि सोडताना तोलचक्राला छोटासा धक्काही देते. तो धक्का मिळाला नाही तर तोलचक्र थोड्याच वेळात थांबेल. जुन्या यंत्रांत हे चाक बहुधा १५ दातांचे असते. प्रत्येक दातामागे दोन ठोके, म्हणजे एका फेऱ्यात ३० ठोके. ताशी १८,००० ठोक्यांच्या यंत्रात सेकंदाला ५ ठोके पडतात आणि या चाकाचा एक फेरा ६ सेकंदांत होतो.

वर्णनात 'लहान' हे विशेषण केवळ आकारापुरते राहू देऊ नये. तोलचक्र सर्व बाजूंनी त्याच प्रमाणात निम्मे केले, तर त्याचे फिरण्यातले जडत्व निम्मे होत नाही, ते ३२ पटींनी घटते. म्हणूनच मोठ्या घड्याळात खपून जाणारे घट्ट झालेले तेल किंवा धुळीचा कण लेडीज घड्याळाला थांबवू शकतो. तरीही कारागिरांनी हे आकार साधले : १९२९ साली आलेले जेजर-लकूल्त्र या स्विस घड्याळ कंपनीचे '१०१' हे यंत्र जेमतेम १४ मिलिमीटर लांब आणि ४.८ मिलिमीटर रुंद असून त्याचे वजन सुमारे एक ग्रॅम आहे.

न विचारलेला एक शब्दही सांगून ठेवतो. यंत्रावर '१७ ज्वेल्स' कोरलेले असेल तर '१७ माणके' लिहावे. 'रत्नजडित' लिहू नये. ही कृत्रिम माणके शोभेची नसून घर्षण कमी करण्यासाठी असतात. नेहमीच्या मांडणीत तोलचक्राच्या आसासाठी ४, त्याच्या धक्क्याच्या खुंटीचे १, एस्केपमेंटमधल्या, चाकाला अडवणाऱ्या तरफेच्या टोकांना २, आणि तरफ व चार चाके यांच्या आसांसाठी प्रत्येकी २ अशी १७ भरतात. लेडीज घड्याळाच्या बाहेरच्या घरालाही पुष्कळदा खडे जडवलेले असतात, त्यामुळे इथे घोटाळा सहज होतो.

पुरवणी प्रश्न : आपण सांगितलेले शब्द स्वीकारतो. 'किल्ली जास्त झाली म्हणून घड्याळ अडकले' हा प्रयोग वर्णनात ठेवावा का?

उत्तर : बोलण्यात तो रूढ आहे, पण कारण म्हणून लिहू नये. कमान पूर्ण गुंडाळली जाणे ही तिची रोजची, अपेक्षित अवस्था आहे. पूर्ण किल्ली असूनही घड्याळ उभे असेल, तर शक्ती डबीत आहे आणि ती तोलचक्रापर्यंत पोहोचत नाही. दोष बहुधा सुकलेल्या तेलात, मळात किंवा मोडलेल्या आसात असतो. बटण जोराने पिळल्याने कमान तुटू शकते, पण तेव्हा किल्ली भरतच नाही, बटण नुसते फिरत राहते. म्हणून 'पूर्ण किल्ली असूनही घड्याळ चालत नाही' असे लिहावे.

'पुढे जाते' आणि 'मागे पडते' हे प्रयोग मात्र जसेच्या तसे वापरावेत, आणि शक्य तिथे त्यांच्याबरोबर कारणही द्यावे. उदाहरणार्थ, घड्याळ एकाएकी तासाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर केसकमानीत चुंबकत्व आले असण्याचा संभव असतो : तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, तिची कार्यकारी लांबी घटते आणि तोलचक्र अधिक वेगाने डोलू लागते.