मदत हवी आहे : मॅकलारेनची खरोखर नवी गाडी कोणती मानावी?

नमस्कार. मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो आणि गेली बारा वर्षे मॅकलारेन या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीच्या गाड्यांच्या १:४३ प्रमाणातील प्रतिकृती जमवतो आहे. आता काचेचे कपाट भरले असून दुसरे कपाट घरात येणार नाही, असे मला स्पष्ट सांगण्यात आले आहे. त्यामुळे काही गाड्या काढाव्या लागतील. कोणत्या, ते ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

माझी अडचण कंपनीच्या वेगामुळे झाली आहे. २०११ साली बाजारात आलेल्या एमपी४-१२सीला (थोडक्यात १२सी) २०१४ मध्ये ६५०एसने बाजूला सारले. २०१५ मध्ये ६७५एलटी आणि ५७०एस, २०१७ मध्ये ७२०एस, तर २०१८ मध्ये ‘सेना’ नावाची गाडी आणि ६००एलटी आल्या. त्याच वर्षी कंपनीने २०२५ पर्यंत १८ नवी मॉडेले किंवा त्यांच्या आवृत्त्या आणण्याचा आराखडा जाहीर केला, तेव्हा आनंद मानावा की धास्ती घ्यावी, हेच मला कळेना.

रविवारी मिसळीला जमणाऱ्या आमच्या चौघांत यावरून नेहमी वाद होतो. एकाचे म्हणणे असे की, तीन वर्षांत स्वतःच्याच गाडीला जुनी ठरवणारी कंपनी मालकाच्या पुनर्विक्रीच्या किमतीला धक्का लावते, आणि चाहत्याचा जीव एका गाडीवर जडायच्या आत दुसरी पुढे उभी करते. दुसरा कंपनीची बाजू घेतो : तिला रोजच्या वापराच्या स्वस्त गाड्या विकून पैसा मिळत नाही, मग नवे काही न आणता इंग्लंडमधला वोकिंगचा कारखाना चालायचा कसा? शिवाय १२सीची शक्ती ६०० वरून ६२५ अश्वशक्तीपर्यंत वाढवली, तेव्हा जुन्या मालकांनाही ती सुधारणा विनामूल्य देऊ केली होती, याची तो दर वेळी आठवण करून देतो.

मला वाटते, गाड्यांच्या संख्येपेक्षा नावांनी अधिक घोळ केला आहे. १९९२ साली सादर झालेल्या एफ१ या गाडीच्या सगळ्या मिळून १०६ गाड्या बनल्या आणि ते नाव लोकांच्या लक्षात राहिले. नंतरच्या बहुतेक नावांतले आकडे अश्वशक्तीचे असल्याने, ५७०, ६००, ६५०, ६७५, ७२०, ७६५ ही रांग ठाणे लोकलच्या वेळापत्रकासारखी वाटते.

तर, नवी पिढी आणि नुसती सुधारित आवृत्ती यांत फरक करण्याचा विश्वासार्ह निकष कोणता?

प्रतिसाद (वाशी) :

नावाकडे दुर्लक्ष करून कार्बन फायबरचा सांगाडा आणि इंजिन पाहावे, असे मी सुचवीन. १२सी, ६५०एस आणि ६७५एलटी यांचा सांगाडा एकाच घराण्यातला असून तिन्हींत ३.८ लिटरचे, दोन टर्बो असलेले व्ही८ इंजिन आहे. ७२०एसला नवा सांगाडा आणि ४ लिटरचे इंजिन मिळाले. ७६५एलटी आणि २०२३ची ७५०एस तिच्याच लेकी. आर्टुरामध्ये सांगाडाही नवा आणि व्ही६ संकरित (हायब्रिड) इंजिनही नवे, म्हणून ती निःसंशय नवी पिढी होय. त्यामुळे एफ१, १२सी, ३७५ गाड्यांपुरती मर्यादित असलेली संकरित पी१, ७२०एस आणि आर्टुरा एवढ्या ठेवल्यात तर कपाटात कंपनीचा इतिहास राहील.

मूळ लेखक :

मनःपूर्वक आभार. निकष पटला. फक्त त्यानुसार ६७५एलटी बाहेर जाते, आणि तिचे लांब शेपूट (एलटी म्हणजे लाँगटेल) १९९७च्या शर्यतीतील एफ१ जीटीआरची आठवण करून देणारे असल्यामुळे तिला हात लावायला मन धजावत नाही. तिच्यासाठी सवलत आहे का?

प्रतिसाद (वाशी) :

आहे. त्याऐवजी ६५०एस काढा.