भाचरांना दिवाळीच्या सुट्टीत उडणारे खेळणे द्यायचे आहे, कोणते घ्यावे?

सातारची मावशी:
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत माझी भाचरे साताऱ्याला येणार आहेत; भाची अकरा वर्षांची आहे आणि भाचा सात वर्षांचा. दोघांनाही विमानांचे वेड असल्यामुळे या वेळी कपड्यांऐवजी उडणारे, पण काही शिकवणारे खेळणे द्यावे असा विचार आहे. दुकानात विचारले की रिमोटचा ड्रोनच पुढे केला जातो. त्याच्या खोक्यावर 'शैक्षणिक' असे छापलेले असते. मात्र बटणे दाबण्यापलीकडे मूल त्यातून काय शिकते, हे मला उमगलेले नाही. दोघांना मिळून खेळता येईल असे काय घ्यावे?

मिरजेचा मास्तर:
ताई, रबराच्या पिळावर उडणारे बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचे विमान घ्यावे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो याने 1871 मध्ये पॅरिसमध्ये असेच छोटे विमान सुमारे 11 सेकंद उडवून दाखवले होते, आणि राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिलेले उडते खेळणेही पेनोच्याच रचनेवर बेतलेले होते. (याच बंधूंचे 1903 मधील पहिले उड्डाण 12 सेकंदांचे होते, ही गंमत मुलांना जरूर सांगावी.)

खरे शिक्षण विमान नीट उडत नाही तेव्हा सुरू होते. नाक वर करून ते हवेतच अडखळत असेल, तर नाकाशी खेळण्यातल्या मातीची लहानशी गोळी चिकटवावी. उलट सरळ खाली नाक खुपसत असेल, तर गोळी कमी करावी किंवा आडव्या शेपटीला मागे कागदाची पट्टी लावून ती किंचित वर वाकवावी. एका वेळी एकच बदल करायचा आणि भाचीने तो वहीत लिहायचा, एवढा नियम ठेवला तर गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर वस्तूचा तोल साधतो तो) म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पीळ भरण्याचे काम भाच्याकडे द्यावे, तो ते आनंदाने करील.

कृष्णाकाठ, सांगली:
मास्तरांशी सहमत आहे, तरीही ड्रोन सरसकट बाद करू नये. संगणकावर ठोकळे जोडून आज्ञावली रचता येते असे छोटे ड्रोन मिळतात आणि भाचीच्या वयाला ते योग्य आहेत. वजन 250 ग्रॅमपर्यंत असेल तर 2021 च्या ड्रोन नियमांनुसार तो 'नॅनो' गटात मोडतो व उडवणाऱ्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही. मात्र प्रतिबंधित क्षेत्राचे नियम त्यालाही लागू असतात. पात्यांना संरक्षक कडे हवेच, आणि लिथियम बॅटरी मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच चार्ज करावी. अवरक्त किरणांच्या रिमोटवर चालणारे स्वस्त हेलिकॉप्टर मात्र घेऊ नये, कारण उन्हात त्याचा संकेत नीट पोहोचत नाही आणि ते घरातच अडकून पडते.

पवनचक्की:
खेळणे कोणतेही घेतले तरी हौसेने चाळकेवाडीच्या पठारावर नेऊ नये. तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. वारा पडलेला असताना सकाळी मोकळ्या मैदानावर, शक्यतो गवतावर उडवावे.

सातारची मावशी:
सर्वांची आभारी आहे. बाल्साचे विमान नक्की केले. ड्रोनचा विचार भाचीपुरता पुढच्या वर्षी करीन. पंख मोडला तर घरी जोडता येतो का?

मिरजेचा मास्तर:
येतो. फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर पुरतो. जास्त लावल्यास तो पंख जड होऊन विमान त्याच बाजूला कलते, म्हणून वाळल्यावर हाताने फेकून तोल पुन्हा पाहावा.