मदत हवी आहे: फौजी वडिलांच्या आठवणींची पुस्तिका करतोय, पलटणीची माहिती कशी मिळवावी?

धाकटी_लेक

नमस्कार मंडळी,

माझे वडील (घरात सगळेच त्यांना दादा म्हणायचे) यंदा नव्वदी गाठून गेले. १९५५ साली मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई म्हणून भरती, १९७७ ला नायब सुभेदार म्हणून पेन्शन, आणि पुढची सगळी वर्षं फक्त घर. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती एक पुस्तिका छापायची असं आम्हा भावंडांचं ठरलंय. लिहायचं काम माझ्या गळ्यात, कारण 'तुझं मराठी बरं आहे'. घराची पानं लिहून होत आली, फौजेची मात्र कोरी आहेत.

दादा फौजेबद्दल अजिबात बोलायचे नाहीत असं नाही. बेळगावच्या सेंटरमधला उस्ताद, लंगरची पुरीभाजी, रजा संपवून परत निघताना एस्टीच्या टपावर चढवलेली पेटी, हे सगळं रंगवून सांगायचे. लढाईचं विचारलं की "दलदल लई, बूट सुकायचं नाहीत" एवढ्यावर विषय संपायचा. आम्हीही फार खोदलं नाही.

हाताशी आहे ते असं. काळी लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात सात आकडी नंबर. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) २०१९ च्या पुरात गेले, त्यांचा अक्षरशः लगदा झाला. आईनं जपलेली अंतर्देशीय पत्रं थोडी वाचली. त्यावर '... मराठा एल.आय., ५६ ए.पी.ओ.' असा फौजी टपालाचा पत्ता, काहींवर ९९ ए.पी.ओ. पलटणीचा आकडा जिथं असायला हवा तिथं नेमका पाण्याचा डाग! आणि पदकं. नावं वाचून लिहितेय: रक्षा मेडल, सैन्य सेवा मेडल (फितीवर 'हिमालय' अशी पट्टी), पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. सगळ्यांच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलंय. पण शेवटच्या पदकावर पेटीवरचा नंबर नाहीच, 'जेसी'ने सुरू होणारा भलताच नंबर आहे. चुलतभाऊ म्हणतो ते पदक दादांचं नव्हेच, कुणाशी तरी अदलाबदल झाली असणार.

आता अडचण अशी की थोरल्या भावाला पक्कं वाटतं की दादा जंगी पलटणीत होते आणि ७१ च्या लढाईत जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) लढले. चुलते म्हणतात त्यांची पलटण काळी पाचवी. भावाला मुखपृष्ठावरच 'जमालपूरचे वीर' छापायचंय. मधली बहीण म्हणते, जे त्यांनी स्वतः सांगितलं नाही ते आपण कशाला छापायचं, घराबद्दलच लिहा.

घराबद्दल लिहायला तर वहीच्या वह्या आहेत. आईला अर्धांगवायू झाल्यावर तिची वेणी दादाच घालायचे, तीही अशी ताठ की आई कुरकुरायची, "परेडला न्हेताय काय मला?" तिच्या ब्लडप्रेशरची वही अजून आहे. '०६०० – १४०/९०. १८०० – १५०/९०, मीठ कमी.' वेळ कायम चार आकड्यांत. त्याच वहीच्या मागच्या पानांवर सगळ्या नातवंडांच्या लसींच्या तारखा, शेजारी बरोबरची खूण.

तर प्रश्न असे: पलटण कोणती हे आता कळेल का? कुणाकडे अर्ज करावा? पदकाचा नंबर वेगळा का? आणि भावाला काय सांगू?

---

माजी_हवालदार

ताई, दादांना सलाम. मीही मराठाच, पण बराच नंतरचा.

आधी नंबरचं, म्हणजे तुमच्या चुलतभावाचा जीव भांड्यात पडेल. पदक दादांचंच आहे. शिपायापासून हवालदारापर्यंत एकच नंबर चालतो. नायब सुभेदार झालं की माणूस जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) होतो आणि त्याला 'जेसी'चा नवीन नंबर मिळतो. तुम्हीच लिहिलंय की ते नायब सुभेदार होऊन आले. पदक १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांना मिळालं, पण कोरून हातात यायला वेळ लागायचा. तेव्हा त्यावरून बढतीची तारीख काढू नका, ती रेकॉर्डमधूनच घ्या.

आता पदकं काय सांगतात ते बघा. संग्राम मेडल ७१ च्या लढाईचं, तेव्हा नोकरीत असलेल्या बहुतेकांना मिळालं. पूर्वी स्टार मात्र पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांनाच, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे दादा ७१ ला पूर्वेला होते, दलदलीचं तेही जुळतं. रक्षा मेडल ६५ चं. ६५ ला प्रत्यक्ष लढाईच्या पट्ट्यात असलेल्यांना समर सेवा स्टार मिळायचा. तो तुमच्या यादीत नाही. पुरात वाहून गेला नसेल, तर ६५ ची लढाई त्यांच्या नावावर लिहू नका.

पलटणीचं: जंगी पलटण म्हणजे पहिली, काळी पाचवी म्हणजे दुसरी. नावात पाचवी असली तरी दुसरीच, यात भलेभले फसतात. जमालपूर पहिलीचं. कर्नल ब्रार यांच्या हाताखाली पहिलीनं पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीला वेढलं. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं चिठ्ठी पाठवली, तर तिकडून उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून आली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, आणि पुढे ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत जंगी पलटण होती. पण पूर्वेला मराठ्यांच्या इतरही पलटणी होत्या. पूर्वी स्टार आहे म्हणजे जमालपूर, असं धरून चालू नका.

अर्ज बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. दोन्ही नंबर लिहा, हुद्दा, नाव, भरती आणि पेन्शनचं साल, सोबत मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद. तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलात तर बरं, तिथं माजी सैनिकांची नोंद असते, कागदात काय कमी आहे तेही सांगतात. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधीच प्रतिज्ञापत्र करून ठेवा, नाहीतर त्याच एका अक्षरासाठी फाइल परत येते.

आणि एक गोष्ट आवर्जून मागा. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की ते पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानांच्या वैयक्तिक नोंदींचा लेखी आदेश) निघतं आणि त्याच्या कागदांवर चढतं. म्हणजे दादांच्या फौजी रेकॉर्डमध्ये तुमच्या आईचं नाव आणि तुमच्या सगळ्यांच्या जन्मतारखा असणार. घर एकीकडे आणि फौज एकीकडे असं तुम्ही करताय, कागदावर ते वेगळं नाहीच.

---

टपालप्रेमी

पत्त्यावरून ठिकाण कळू नये म्हणूनच तो ए.पी.ओ. असतो. तरी ढोबळमानानं ५६ म्हणजे उत्तर-पश्चिमेकडे आणि ९९ म्हणजे पूर्वेकडे. तेव्हा आधी पत्रं तारखेनं लावा. ५६ चं ९९ कधी झालं ते दिसलं की पलटण पूर्वेला कधी गेली याचा अंदाज येतो. शिक्काही नीट पाहा. त्यावर एफ.पी.ओ. (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि आकडा असतो, तो बदलत गेला की मुक्काम हलला असं समजायचं.

डागाखालचा आकडा: पत्र अंधाऱ्या खोलीत सपाट ठेवा, टॉर्च अगदी कडेनं, कागदाला समांतर धरा आणि फोटो काढा. बॉलपेननं लिहिलेलं असेल तर शाई गेली तरी दाबाची खोबण उरते. चिकटलेल्या घड्या ओढू नका, इस्त्री तर मुळीच नको. एकानं केली होती, पत्र पापडासारखं झालं.

---

कृष्णाकाठ

भाऊ चुकीचा आहे असं नाही. वडिलांचा अभिमान असतो, आणि ते गेल्यावर तो कुठंतरी ठेवावा लागतो. पण 'जमालपूरचे वीर' मुखपृष्ठावर गेलं आणि उद्या रेकॉर्ड भलतंच निघालं, तर पुढं नातवंडं हसतील.

माझं मत विचाराल तर मुखपृष्ठावर ब्लडप्रेशरच्या वहीचं पान छापा.

---

माजी_हवालदार

कृष्णाकाठ यांना अनुमोदन. पलटणीनं काय केलं ते एका पानावर लिहा आणि वर 'पलटणीचा इतिहास' असं स्पष्ट म्हणा. "दादांनी केलं" हे फक्त दादा बोलले किंवा कागद बोलला तरच. लढाईत शंभर माणसं पुढं असतात तेव्हा मागं कुणीतरी दारूगोळा, पाणी, वायरलेस सांभाळत असतो. बहुतेकांचा फौजेतला काळ गस्त, पहारा आणि वाट बघण्यातच जातो. त्यात कमीपणा कसला? उगाच शौर्य चिकटवलं की त्यांच्याच पलटणीचा एखादा म्हातारा वाचून हसतो, आणि तेच जास्त लागतं.

पलटणीच्या जुन्या जेसीओंचाही शोध घ्या. ७१ ला पंचविशीत असलेला माणूस आज ऐंशीला टेकलाय. एकदा रेकॉर्डमध्ये कंपनी कळली की त्याच कंपनीचा माणूस विचारा, नुसती पलटण विचारून उपयोग नाही.

---

धाकटी_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. जेसी नंबरचं कळल्यावर चुलतभावाला फोन केला, त्याला आता ते पदक सर्वांत भारी वाटायला लागलंय.

टॉर्चचा प्रयोग केला. 'मराठा'च्या आधी एक उभी रेघ स्पष्ट उमटली आहे. भावानं लगेच 'बघ, पहिलीच' असं जाहीर केलं. पण त्या रेघेपुढं थोडी जागा आहे आणि तिथला कागद खरवडला गेलाय. दुसरा आकडा असेलही, नसेलही. तेव्हा रेकॉर्ड येईपर्यंत मुखपृष्ठ थांबवलंय, यावर तो कसाबसा राजी झालाय. वहीच्या पानाचं सुचवल्यावर गप्प बसला, म्हणजे नकार नाही. पत्रं तारखेनं लावली तर ९९ ए.पी.ओ. वालं पहिलं पत्र ७१ च्या पावसाळ्यातलं निघालं. त्यात लढाईचा शब्द नाही, धाकटीला (म्हणजे मला) डांग्या खोकला झालाय त्याची चौकशी आहे आणि मला उन्हात नेऊ नका अशी ताकीद.

सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज बेळगावला गेला. तिथल्या बाबूंनी कागद नीट पाहिले, आईच्या नावात 'ताई' आहे की 'बाई' यावरून प्रतिज्ञापत्र करायला लावलं, ते झालं.

आता फक्त एक शंका उरली. पार्ट टू ऑर्डरची प्रत आम्हाला मागता येते, की नुसता उतारा मिळतो? आणि माझा जन्म दादा हद्दीवर असतानाचा, तर माझी नोंद किती उशिरानं चढली असेल? कुणाच्या घरी असा जुना कागद असेल तर त्यावर काय काय लिहिलेलं असतं तेवढं सांगा, म्हणजे अर्जात नेमकं तेच मागते.