‘फ्रीहँड’ पाईपला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: तंबाखूच्या पाईपवरचा एक लेख मराठीत आणते आहे. ‘फ्रीहँड’वर अडले. ठराविक घाट सोडून कारागिरानं हातानं घडवलेला, कडा ओबडधोबड, वाटी तिरकी, दुसरा तसाच मिळणं अशक्य. ‘मुक्तहस्त पाईप’ चालेल की सरळ ‘बेढब’?

उत्तर: ‘बेढब’ अजिबात नको. त्यात ढब बिघडल्याची तक्रार आहे, इथे ढब मुद्दाम वेगळी केलेली असते. ‘मुक्तहस्त’ चित्रकलेत रूढ आहे खरा, पण तिथून बाहेर काढला की लगेच ‘मुक्तहस्ते दान’ आठवतं. शिवाय या कामात हात तितकासा मुक्त नसतोच.

हे पाईप बहुधा ब्रायरचे. भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, मुळांवर जी गाठ धरते, तिचं हे लाकूड. गाठ आधी उकळतात, मग बराच काळ वाळवतात. तिच्यातल्या रेषा आतून बाहेर फाकत गेलेल्या असतात. एका बाजूनं कापलं तर उभ्या रेषा दिसतात, आडवं कापलं तर बारीक बारीक डोळे. गाठीचा सगळ्यात बाहेरचा खडबडीत थर कित्येक कारागीर वाटीच्या काठावर तसाच ठेवतात. तुम्ही म्हणता ती ओबडधोबड कड हीच असावी, तिला ‘खडबडीत’ म्हणा.

जुनी रीत अशी की आधी तंबाखूचं आणि धुराचं भोक पाडायचं, बाहेरचा घाट नंतर उतरवायचा. कोपनहेगनला काम करणारे सिक्स्टन इव्हार्सन यांनी क्रम उलटा केला. आधी घाट, मग भोकं. भोकांची जागा आधीच ठरलेली नसली की बाहेरून रेषा नेतील तिकडे जायला कारागीर मोकळा. पुढे १९७०च्या दशकात डेन्मार्कचेच कारागीर प्रेबेन होल्म यांचे असे पाईप अमेरिकेत फार खपले.

म्हणून मी ‘लाकडाच्या कलानं घडवलेला पाईप’ म्हणेन. कलानं घेणं आपल्याकडे माणसांच्या बाबतीत बोलतात, पण या कामाला ते नेमकं बसतं.

आणखी एकाचं उत्तर: ‘कलानं घडवलेला’ मलाही आवडला. मात्र प्रत्येक वाक्यात एवढं लांब चालणार नाही. पहिल्यांदा पूर्ण लिहून पुढे ‘फ्रीहँड’च ठेवा, वाचकाला अडचण येत नाही. ‘कोरीव’ टाळा, त्यानं नक्षी काढल्यासारखं वाटतं.

विचारणारी: आणि ‘चिलीम’?

उत्तर: नको. चिलीम सरळ असते, मुठीत धरून ओढतात. पाईपला वाटी, दांडा आणि तोंडात धरायची नळी असे वेगळे भाग असतात. तुमच्या लेखात नळी एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) असेल तर तो शब्द तसाच राहू द्या.