नववी-दहावी इंग्रजी लेखन: गाइडमधलं पत्र मुलांच्या डोक्यातून काढायचं कसं?

तिसरी_तासिका
मराठी माध्यम, नववी, पट साठ, तासिका ३५ मिनिटांची. पत्रलेखन म्हटलं की अर्धा वर्ग गाइडमधलं पत्र जसंच्या तसं उतरवतो. मांडणी चोख, पण विषय जरा हलवला, वाचनालयाऐवजी पाणपोई दिली, की पेन थांबतं. बाकीच्यांचा कागद कोराच. चित्र दाखवून 'सुचेल ते लिहा' सांगितलं तर तीन वाक्यांत कारभार आटोपतो. सर्जनशील लेखन घ्यावं, पण बोर्डाच्या पेपरलाही ते कामी यावं, असं काय आहे? आणि साठ वह्या तपासायच्या कधी?

खडू_फळा
'सुचेल ते लिहा' हा सगळ्यांत कठीण प्रश्न आहे, मोठ्यांनाही. विषय बदलून फारसं हाती लागत नाही, वाचणारा बदला. फळ्यावर चार गोष्टी लिहा: कोण लिहितंय, कुणाला, कोणत्या रूपात, कशाबद्दल. याला राफ्ट म्हणतात.

पहिली रांग: एसटीचा कंडक्टर आगार व्यवस्थापकांना पत्र लिहितो, सकाळच्या फेरीला शाळेची मुलं दारात लोंबकळतात म्हणून. दुसरी रांग: त्याच फेरीची मुलं त्याच साहेबांना जादा गाडी मागतात. तिसरी रांग: याच प्रकाराची बातमी. पत्र आणि बातमी दोन्ही दहावीला येतात, तेव्हा अभ्यासक्रम राहिला असं कुणी म्हणणार नाही. असं पत्र गाइडमध्ये मिळत नाही, आणि मुलांकडे सांगायला भरपूर असतं.

५ मिनिटं शब्द जमवा. मुलं मराठीत बोलली तरी चालेल, तुम्ही फळ्यावर इंग्रजीत लिहा: फुटबोर्ड, ओव्हरक्राउडेड, एक्स्ट्रा बस. मग ५ मिनिटं जोडीत तोंडी, १५ मिनिटं लेखन. उरलेल्या वेळात कागदांची अदलाबदल: कंडक्टरचं पत्र दुसऱ्या रांगेकडे, त्यांनी खाली दोन ओळींत उत्तर द्यायचं. वेळ कमी पडला की आपण तोंडी भाग गाळतो, आणि तिथेच फसतं. मग मुलं मनात मराठी वाक्य जुळवून शब्दाला शब्द ठेवत जातात.

पात्रं माणसंच ठेवा. पेन्सिलीने रबराला पत्र लिहायला सांगितलंत की मराठीच्या तासाचं पाठ आत्मवृत्त इंग्रजीत उतरणार.

समास_सोडा
कोऱ्या कागदवाल्यांना थेट राफ्ट झेपणार नाही. त्यांच्यासाठी आधी डिक्टोग्लॉस. ६०-७० शब्दांचा उतारा, नवे शब्द तीन-चारच, ते आधी फळ्यावर. पहिल्या वाचनाला पेनं खाली. दुसऱ्या वाचनाला फक्त सुटे शब्द टिपायचे. मग चौघांनी मिळून उतारा पुन्हा उभा करायचा. मूळ वाक्यंच हवीत असं नाही, अर्थ आणि व्याकरण जुळलं पाहिजे. दया येऊन सावकाश वाचू नका, त्याचं श्रुतलेखन होतं. आणि एक हुशार पोर सगळं लिहून टाकतं, म्हणून दर वाक्याला पेन पुढच्याकडे.

त्याहून कच्च्यांसाठी वाक्य ताणा. 'द बस केम.' कोणती बस? किती उशिरा? 'द सिक्स ओ'क्लॉक बस केम फॉर्टी मिनिट्स लेट.' प्रश्न वेळ, जागा, संख्या यांचेच विचारा. 'कशी बस?' विचारलंत की ब्युटिफुल बस येते.

लाल_पेन_बंद
तपासणीबद्दल. चौघांचा एक कागद घेतला की साठाच्या वर्गात पंधराच कागद होतात. वैयक्तिक लेखनात दर वेळी एकच चूक धरा आणि ती आधी जाहीर करा. पहिली ही घ्या: 'माय फादर आर अ फार्मर. दे गो टू फील्ड.' वडिलांना एकवचनात बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून 'आर' आणि 'दे'. हे एकदा समजावलं की पोरं स्वतः पकडतात. पुढच्या वेळी भूतकाळ, मग आर्टिकल्स. चूक दुरुस्त करून देऊ नका. त्या ओळीसमोर समासात ठिपका द्या, शोधायचं काम त्यांचं. पुढच्या तासाची पहिली ५ मिनिटं ठिपक्यांसाठी राखा, नाहीतर वही बंदच राहते.

तिसरी_तासिका
राफ्ट उद्याच लावतो. पण चौघांचा गट कसा? बाक जमिनीला ठोकलेले आहेत.

समास_सोडा
पुढच्या बाकावरच्या दोघांनी उलटं वळून बसायचं. गट तोच ठेवा, दर वेळी नवे पाडायला गेलात तर दहा मिनिटं त्यातच जातात. फक्त प्रत्येक चौकडीत निदान एकाला तरी सरळ वाचता येतं ना, ते आधी पाहून घ्या.